दाराच्या हँडलला हात घालण्याआधी: एआरएआयला खुलं पत्र

प्रति,
सदस्य, ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड्स कमिटी,
द्वारा ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे

विषय: गाडीचं दार उघडताना मागून येणारी दुचाकी आणि शेजारचा अडथळा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी मानक तयार करण्याबाबत

स.न.वि.वि.

मी पुण्यात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो. तुमच्या टेकडीखालच्या रस्त्यांवर ज्या गाड्या ठोकल्या जातात, त्यांतल्या बऱ्याचशा शेवटी माझ्यासारख्यांच्या दारात येतात. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. आज अनेक गाड्यांना चारही बाजूंनी कॅमेरे आहेत. गाडी लावताना ते सगळं दाखवतात. पण गाडी थांबते, इंजिन बंद होतं, माणूस दाराच्या हँडलला हात घालतो, आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्यांचं काम संपलेलं असतं. त्यांनी तेव्हाही बघत राहावं, मागून दुचाकी येत असेल तर दार रोखावं आणि शेजारी खांब असेल तर बजावावं. हे कोणत्या दाराला, किती सेकंद आधी आणि कसल्या उजेडा-पावसात जमलं पाहिजे, याचं एआयएस (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) मानक तुम्ही लिहावं.

आमच्याकडे मार लागलेली दारं दोन तऱ्हेची येतात. एका तऱ्हेत दाराची मागची कड मुडपलेली असते आणि रंगाचा पोपडा उडून खालचा प्रायमर दिसतो. सोसायटीचा खांब, शेजारची गाडी, दगडी कठडा, आणि हल्ली गाड्या एकावर एक चढवणाऱ्या पझल पार्किंगच्या लोखंडी चौकटी. मालक हळहळतो, आम्ही कड सरळ करतो, पुट्टी मारतो, रंग देतो, विषय संपतो.

दुसऱ्या तऱ्हेचं दार बाहेरून बघून कळत नाही. बाहेरचा पत्रा बऱ्याचदा शाबूत असतो. पण दार उघडलं की ते नेहमीच्या जागी न थांबता आणखी पुढे जातं. दार ठरावीक जागी थांबवणारी डोअर चेकची पट्टी तुटलेली, वरची बिजागरी ओढली गेलेली, दाराची पुढची कड फेंडरमध्ये (पुढच्या चाकावरच्या पत्र्यात) रुतून तिथे उभा चेप आलेला. आतल्या ट्रिमवर दुचाकीच्या हँडलच्या रबरी ग्रिपचा काळा फराटा. म्हणजे दार उघडं होतं आणि मागून कुणीतरी त्याच्या आतल्या अंगावर येऊन आदळलं. सोबतच्या क्लेमच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं: उभ्या गाडीला दुचाकीने मागून धडक दिली. ही दारं दुरुस्त करताना आमच्याकडची पोरं एरवीसारखी गाणी लावत नाहीत.

कागदावर तसं लिहिलं जाण्याचा दोष एकट्या गाडीमालकाचा नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात अपघातांचे प्रकार दिलेले असतात: समोरासमोर, मागून, बाजूने, उभ्या वाहनाला धडक, स्थिर वस्तूला धडक, वाहन उलटणं वगैरे. दार उघडल्याने झालेला अपघात हा रकानाच तिथे नाही. दाराला धडकून दुचाकीवाला पडला आणि मागच्या बसखाली आला, तर तो बसच्या अपघातात मोजला जातो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, एवढं हा अहवाल सांगतो. त्यांतल्या कितीजणांची सुरुवात एखाद्या उघडलेल्या दारापासून झाली, ते त्यातून काढता येत नाही. उद्या मानकाच्या बैठकीत कुणी म्हणेल की या प्रश्नाचे आकडेच नाहीत, तर त्याचं कारण हे आहे.

आता थोडं गणित. दुचाकी ताशी ४० किलोमीटरने येतेय म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दार दिसलं, डोक्यात शिरलं, ब्रेकवर हात गेला, एवढ्यात सेकंद-सव्वा सेकंद जातो. तेवढ्यात ती अकरा-चौदा मीटर पुढे आलेली असते. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहाएक मीटर. म्हणजे पंचवीस मीटरच्या आत दार उघडलं, तर दुचाकीवाल्याचं थांबणं नशिबावर. आणि दार उघडायला किती वेळ लागतो? सेकंदसुद्धा नाही. उघडल्यावर ते जवळपास मीटरभर जागा खातं. पुण्यातल्या रस्त्यावर उभी गाडी आणि चालती बस यांच्यामध्ये दुचाकीला मिळते तीही साधारण तेवढीच. चुकवायला जावं तर बस, न चुकवावं तर दार.

म्हणून मागून येणाऱ्याने सांभाळून यावं, हा सल्ला इथे कामाचा नाही. थांबायचं आहे ते दाराने, आणि दाराला मागचं दिसलं तरच ते थांबेल.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२३ पासून सायकलस्वारासमोर दार उघडण्याचा प्रसंग आपल्या चाचण्यांत घेतला आहे. ह्युंदाईने २०१८ च्या सांता फेमध्ये मागून वाहन येत असेल तर मागच्या दाराचं चाइल्ड लॉक सुटू न देणारी व्यवस्था आणली. ऑडीच्या काही गाड्यांत विजेवर चालणारं कुलूप अशा वेळी क्षणभर उघडतच नाही. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आतला कॅमेरा माणसाचा हात हँडलकडे जाताना ओळखतो आणि दारावरचा दिवा लाल होतो. आपल्याकडेही ह्युंदाईच्याच २०२३ च्या व्हर्नामध्ये उतरताना इशारा देणारी सोय आली. आली ती वरच्या व्हेरियंटमध्ये. इथेच माझं दुखणं आहे. जो माणूस दारावर आदळणार आहे, तो गाडीचा गिऱ्हाईक नाही. त्याचा जीव वाचवणारी वस्तू गाडी घेणाऱ्याने सनरूफबरोबर निवडायची, हा कुठला हिशोब?

परदेशातली चाचणी उचलून इथे आणली तरी भागणार नाही, हे मात्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिकडच्या प्रसंगात गाडी कडेला नीट लावलेली असते आणि सायकल रहदारीच्या बाजूने जाते. आपल्याकडे टॅक्सी रस्त्याच्या मधोमध, सिग्नलला, किंवा कडेपासून दीड मीटर सोडून थांबते, आणि प्रवासी डावीकडचं मागचं दार उघडतो. त्या दीड मीटरमधूनच स्कूटर येत असते. शिवाय पुण्यात पी-१, पी-२ आहे, म्हणजे सम-विषम तारखेप्रमाणे पार्किंगची बाजू बदलते. एकेरी रस्त्यावर तारखेप्रमाणे गाड्या उजव्या कडेला लागतात, आणि मग डावी दोन्ही दारं थेट रहदारीत उघडतात. चालकाच्या दारापुरती यंत्रणा बसवून आपण मानक पूर्ण केलं असं म्हणाल, तर लक्ष्मी रोडवर त्याचा उपयोग अर्धाच. सगळ्यात आधी विचार करा तो मागच्या डाव्या दाराचा. तिथे बसलेल्या माणसाला आरसा दिसत नाही, आरशातला पिवळा दिवा दिसत नाही, बहुतेक वेळा तो फोनवर पैसे देत असतो, आणि गाडी त्याची नसते.

त्यामुळे नुसत्या इशाऱ्यावर माझा फारसा भरवसा नाही. रिक्षाच्या उजव्या बाजूला आडवा दांडा असतो, तो बघा. त्या दांड्याला सेन्सर नाही, बझर नाही, पण उजवीकडून कुणी उतरत नाही. इशारा न ऐकणारे लोक असतात हे ज्याने तो दांडा पहिल्यांदा लावला त्याला ठाऊक असणार. गाडीच्या दाराला असा दांडा लावता येत नाही, पण कुलूप दोन-तीन सेकंद धरून ठेवता येतं. दुचाकी पुढे गेली की सोडायचं. अट एकच: हँडल दुसऱ्यांदा, जोर लावून ओढलं तर दार उघडलंच पाहिजे, आणि धडक बसल्यावर किंवा आग लागल्यावर ही यंत्रणा आपोआप बाजूला झाली पाहिजे. माणसाला गाडीत कोंडून ठेवणारं संरक्षण कुणालाच नको.

कॅमेऱ्याविषयी भाबडेपणाने बोलत नाही, म्हणून त्याची कच्ची बाजूही लिहितो. आरशाखाली आणि मागे डिकीच्या दरवाजावर बसवलेले हे कॅमेरे माशाच्या डोळ्यासारख्या रुंद भिंगाचे असतात. समजा चित्र १,२८० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात १९० अंशांचा परिसर कोंबलाय. म्हणजे एका अंशाला साडेसहा-सात पिक्सेल. पंचवीस मीटरवरची, पाऊण मीटर रुंदीची स्कूटर त्यात दहा-बारा पिक्सेलची. एवढ्याशा ठिपक्यावरून ती येतेय की उभी आहे, किती वेगाने येतेय, हे सॉफ्टवेअरने सांगायचं. अवघड आहे, पण आपल्याकडे एक गोष्ट मदतीला आहे: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलॅम्प इंजिन चालू असताना सतत पेटलेला असतो. म्हणजे मागून येणारी बहुतेक प्रत्येक दुचाकी भरदिवसाही एक ठळक ठिपका सोबत घेऊन येते. इथल्या रस्त्यांवर शिकवलेलं सॉफ्टवेअर त्याचा फायदा घेऊ शकेल. सायकलला आणि ई-बाइकच्या नावाखाली फिरणाऱ्या काही बिनदिव्याच्या वाहनांना हे लागू नाही, म्हणून चाचणीत दिवा नसलेली सायकल हवीच हवी.

दूरच्या वेगवान वाहनासाठी मागच्या बंपरच्या कोपऱ्यातला रडार जास्त भरवशाचा, हे मान्य. पण रडारला हलणारी वस्तू जशी सहज कळते, तसा शेजारचा उभा खांब कळत नाही, आणि बंपरमधल्या पार्किंग सेन्सरचं लक्ष मुळात पुढे-मागे असतं; दाराच्या बाजूला त्यांचा अंधारच. खांबासाठी, कठड्यासाठी कॅमेरा हवा. गाडी जागेवर शिरत असताना कॅमेरा पुढे सरकतो, एकच खांब त्याला वेगवेगळ्या कोनांतून दिसतो, आणि त्यावरून अंतर काढता येतं. हे अंतर गाडी थांबल्यावर लक्षात ठेवलं की दार किती अंशांपर्यंत उघडणं सुरक्षित आहे ते आधीच माहीत असतं. तिथे दार नुसतं जड झालं तरी पुरे. शिवाय हे सगळं गाडी थांबायच्या आतच झालेलं असतं, त्यामुळे बॅटरीचाही प्रश्न नाही.

यात दोन खोड्या आहेत, त्या कागदावर सहसा दिसत नाहीत. पहिली: बाजूचा कॅमेरा आरशाखाली असतो, आरसा पुढच्या दारावर असतो. दार उघडायला लागलं की कॅमेराही दाराबरोबर फिरतो. ज्या दाराचा धोका मोजायचा, मोजणारा डोळा त्याच दारावर. दार अर्धं उघडल्यावर मागचं चित्र पार बदलून जातं. दुसरी: आपल्याकडे गाडी लावली की आरसे दुमडायची सवय आहे, आणि अरुंद बोळात तर ते गाडी थांबायच्या आधीच दुमडतात. आरसा दुमडला की कॅमेरा दाराच्या पत्र्याकडे किंवा जमिनीकडे बघत बसतो. आता निर्मात्याने यातून वाट कशी काढायची ते त्याचं त्याने बघावं: कॅमेरा फेंडरवर न्यावा, मागच्या कॅमेऱ्यावर विसंबावं, रडार जोडावा. पण चाचणी आरसे उघडे ठेवून घेतली आणि सगळे पास झाले, असं होऊ नये. आरसे दुमडून घ्या. पाऊस पाडून घ्या. मागच्या भिंगावर चिखल उडवून घ्या, कारण हॅचबॅकच्या मागच्या काचेवर आणि भिंगावर पावसाळ्यात किती राड बसते ते मी रोज धुतो. भिंग आंधळं झालं असेल तर यंत्रणेने ते चालकाला सांगितलं पाहिजे. गप्प बसून सगळं ठीक असल्याचा आव आणणारी यंत्रणा नसलेली बरी.

आता माझ्या धंद्यातलं, जे तुमच्या बैठकीत बहुधा कुणी बोलणार नाही. गाडी शोरूममधून निघते तेव्हा सगळे कॅमेरे बरोबर लागलेले असतात. वर्षभरात एखादी रिक्षा घासते आणि आरसा जातो. मालक बाजारातला स्वस्त आरसा आणतो. त्यात कॅमेरा बसतो, चित्रही दिसतं, म्हणून सगळे खूश. पण कॅमेऱ्याचा कोन अंशा-दोन अंशाने हलला असेल तर पडद्यावर कुणाला कळत नाही, अंतराच्या हिशोबात मात्र चूक शिरते. ती दुरुस्त करायला गाडीभोवती चौकटींच्या नक्षीच्या चटया अंथरून, सपाट फरशीवर कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे कॅमेऱ्याचं माप पुन्हा जुळवावं लागतं. शहरातल्या किती गॅरेजांत ती फरशी आहे आणि त्या चटया आहेत, याचा अंदाज तुम्हीच बांधा. बंपरचंही तसंच. रडारच्या समोरच्या बंपरवर जाड पुट्टी आणि वर दोन-तीन थर रंग चढला की रडारला नीट दिसत नाही. निर्माते त्याबद्दल बजावतात, पण ते बजावणं अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पुस्तकात असतं, रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत पोचत नाही. तुमच्या मानकात एक कलम याचंही असू द्या: कॅलिब्रेशन बिघडलं तर गाडीने स्वतः ओळखावं, आणि ते दुरुस्त करायची पद्धत स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी किमतीत मिळावी. नाहीतर तीन वर्षांच्या गाडीवर ही यंत्रणा नावापुरती राहील.

खर्चाचा मुद्दा येणारच. १ जुलै २०१९ पासून एआयएस-१४५ खाली प्रत्येक नव्या प्रवासी गाडीला रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला, तेव्हाही छोट्या गाड्यांचं कसं होणार अशी ओरड झाली होती. आज सर्वांत स्वस्त गाडीही मागे घेताना पीं-पीं करते आणि कुणाला त्याचं अप्रूप वाटत नाही. सहा एअरबॅगांची गोष्ट मात्र वेगळी झाली: मसुदा निघाला, मुदत पुढे गेली, आणि शेवटी सक्ती मागे पडून भारत एनकॅपच्या, म्हणजे आपल्याकडच्या सुरक्षा-चाचणीच्या, ताऱ्यांवर भिस्त आली. दारासाठी तुम्ही थेट सक्ती आणा किंवा आधी ताऱ्यांमधून ढकला, माझी हरकत कशालाच नाही. २२ ऑगस्ट २०२३ ला भारत एनकॅप जाहीर झालं तेव्हापासून गाडीखरेदीला येणारा माणूस तारे विचारतो, हे मी गिऱ्हाइकांच्या गप्पांत ऐकतो. त्या ताऱ्यांत आतल्या माणसाइतकंच बाहेरच्या माणसालाही वजन मिळावं, एवढं म्हणतो. ज्या गाडीला चार कॅमेरे आहेतच, तिला तरी ही सोय सगळ्या व्हेरियंटमध्ये दिलीच पाहिजे, इथून सुरुवात करता येईल. तिथे नवीन सामान जवळपास नाहीच, सॉफ्टवेअर आहे आणि इंजिन बंद झाल्यावर काही मिनिटं जागं राहण्याची व्यवस्था आहे. कुलूप धरून ठेवणारी रचना त्यानंतरच्या टप्प्यात आली तरी चालेल, पण टप्प्याला तारीख असावी.

सवयीचं काय, असं कुणी विचारेल. ब्रिटनने २९ जानेवारी २०२२ पासून आपल्या हायवे कोडमध्ये लिहिलं की शक्य असेल तिथे दार लांबच्या हाताने उघडा. आपल्या गाडीत चालकाने उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं, मान मागे जाते, आरसा आणि खांद्यामागचा रस्ता दोन्ही दिसतात. फुकटातली, उत्तम सवय. आपल्या आरटीओच्या परीक्षेत दुचाकीवाल्याला आठचा आकडा काढायला लावतात, कारवाल्याला रिव्हर्स घ्यायला लावतात. दार कसं उघडतोस हे मला तरी कुणी विचारलं नव्हतं. तो विषय परिवहन खात्याचा, त्यांना वेगळं लिहीन. पण टॅक्सीतल्या प्रवाशाची परीक्षा कुणीच घेत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या तऱ्हेच्या दारांत मागची दारं कमी नसतात.

मानक लिहिताना सेन्सरचं नाव लिहू नका, एवढी विनंती आहे. कॅमेरा वापरा, रडार वापरा, दोन्ही वापरा. परिणाम लिहा: ताशी अमुक वेगाने येणारी स्कूटर आणि दिवा नसलेली सायकल, डावीकडून आणि उजवीकडून, दिवसा, रात्री, पावसात, चारही दारं, आरसे दुमडलेले, इंजिन बंद केल्यानंतर ठरावीक काळ. आणि मंत्रालयात तुमचं ऐकलं जातं, तर अपघाताची नोंद करणाऱ्या ई-डार प्रणालीत ‘दार उघडल्याने’ हा एक पर्याय टाकायला सांगा. पोलिसाला एक टिचकी जास्त मारावी लागेल.

मसुदा तयार होईल तेव्हा तो हरकतींसाठी खुला कराल, तशी पद्धत आहेच. त्या बैठकीला गाडीनिर्माते आणि सुट्या भागांचे कारखानदार येतात तसे एक-दोन गॅरेजवालेही बोलवा. आरसा बदलण्याच्या आणि बंपर रंगवण्याच्या कलमांवर आमच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, आणि यायला आम्हाला पौड रोडचा ट्रॅफिक सोडला तर काही अडचण नाही.

कळावे,

आपला,
एक डेंटिंग-पेंटिंगवाला, पुणे